आधी ऐकावे, मग पेच फिरवावा

तंबोरा लावावयास शिकणाऱ्याला गुरू पहिल्याच दिवशी खुंट्या पिळू देत नाही. तो म्हणतो, "आधी ऐक." तार चढली आहे की उतरली आहे हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती खुंटी दिली तर सूर लागणे दूरच, तार मात्र तुटते. मोटारीचे इंजिन लावण्यालाही गॅरेजातून 'ट्यूनिंग' असेच म्हणतात, आणि तेथेही पहिला धडा हाच आहे. आज मी बोलणार आहे ते टर्बो बसविलेल्या मोटारीच्या संगणकाचे ट्यूनिंग नवशिक्याने कसे शिकावे याविषयी.

हा विषय गोव्यातील गॅरेजांना परका नाही. डिचोली तालुक्यात खाणींच्या भरभराटीच्या काळात टिपरच्या रांगा लागत. त्यांच्या डिझेल इंजिनांवर टर्बो असे आणि तो उतरवून साफ करणारे कसबी फिटरही येथे तयार झाले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या. टिपर अंगणात उभे राहिले आणि पुष्कळ हातांचे काम गेले. आज त्याच घरांतील तरुणापुढे छोट्या पेट्रोल इंजिनाची, टर्बो असलेली मोटार येऊन उभी राहते. बापाच्या हाती कार्ब्युरेटरचा पेच होता. मुलाच्या हाती लॅपटॉप आहे. पेच दिसत होता, हा संगणक दिसत नाही. म्हणून तो विचारतो, "हे शिकावे कोठून?" प्रश्न पोटाचा आहे, तेव्हा उत्तरही नीट दिले पाहिजे.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. सायलेन्सरकडे जाणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक जाळता येते, म्हणून लहान इंजिनातून मोठी शक्ती मिळते. परंतु दाबलेली हवा तापते, हे सायकलला हवा भरणाऱ्या प्रत्येक मुलाला पंपाच्या नळीवरून ठाऊक असते. टर्बोचे सारे सुख आणि सारे दुःख या दोन वाक्यांत आहे.

आता संगणकाकडे वळू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. चार सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्या वेळात दोन ठिणग्या पडावयाच्या. म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक ठिणगी केव्हा टाकावी आणि पेट्रोल किती सोडावे, हे संगणक त्या क्षणी नव्याने शोधून काढीत नाही. त्याच्याजवळ कोष्टके असतात. एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरील भार, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. आपण पंचांगात तिथी पाहतो तसा तो आकडा पाहतो, हवेचे तापमान व दाब पाहून त्यात थोडी दुरुस्ती करतो आणि हुकूम सोडतो. ट्यूनिंग म्हणजे या कोष्टकांतील आकडे बदलणे. यापलीकडे त्यात जादू नाही.

मात्र दोन आकड्यांचा अर्थ पक्का समजला पाहिजे. पहिला इंधनाचा. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जाळावयास वजनाने १४.७ भाग हवा लागते. जोराच्या भाराखाली, टर्बो पूर्ण दाब देत असता, हे प्रमाण बाराच्या आसपास आणतात. जास्तीचे पेट्रोल सिलिंडर थंड ठेवते. इथेनॉलला मात्र नऊच भाग हवा पुरते. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्याला १४.७ नव्हे, सुमारे १३.५ भाग हवा लागते. परदेशातील कोणा अनोळखी माणसाने तिकडच्या पेट्रोलसाठी तयार केलेली कोष्टके जशीच्या तशी आपल्या गाडीत भरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय.

दुसरा आकडा ठिणगीच्या वेळेचा. पिस्टन वर पोहोचण्यापूर्वी काही अंश आधी ठिणगी टाकतात. ती थोडी आणखी आधी टाकली की जोर वाढतो. परंतु मर्यादा ओलांडली की उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याच्या आतच एकदम भडकते. त्या हातोडीसारख्या आवाजाला नॉकिंग म्हणतात. आधुनिक इंजिनावर हा आवाज ऐकणारा एक कान बसविलेला असतो. तो ऐकताच संगणक ठिणगी मागे घेतो आणि इंजिन वाचते. मात्र टर्बोच्या भाराखाली हे ठोके वारंवार पडू दिले तर पिस्टन फुटावयास फार दिवस लागत नाहीत.

मग शिकणाऱ्याने आरंभ कोठून करावा? पहिले काही महिने त्याने एकही आकडा बदलू नये. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे एक तोंड असते. त्याला साधा स्कॅनर लावून फेरे, हवेचे तापमान, दाब, ठिणगीचे अंश आणि इंधनाची दुरुस्ती यांची नोंद करावी. इंधनाची दुरुस्ती म्हणजे संगणकाने कोष्टकातील पेट्रोलमध्ये स्वतः केलेली वाढ वा घट. ती सदोदित १५ टक्के अधिक दिसत असेल तर दोष बहुधा कोष्टकात नसतो. कोठे हवेची गळती असेल, पेट्रोलचा पंप थकला असेल वा सेन्सर मळला असेल. आजारी इंजिनाचे ट्यूनिंग करीत नाहीत. आधी त्याला बरे करतात. येथे जुन्या फिटरचा हात नव्या लॅपटॉपपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

नोंदी निरनिराळ्या हवेत घ्याव्यात. वैशाखात पेडण्याच्या सड्यावर दुपारी उभी राहिलेली गाडी आणि श्रावणातल्या सरीनंतर तोच रस्ता चढणारी तीच गाडी यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. तापलेल्या हवेत संगणक ठिणगी किती मागे घेतो ते तेथे डोळ्यांनी दिसते. नंतर साखळीहून सत्तरीतील केरीमार्गे चोर्ल्याचा घाट, वेग न वाढविता, शेजारी नोंद घेणारा सोबती बसवून चढावा. सुमारे ८०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. साध्या इंजिनाचा जोर तेथे कमी होतो. टर्बो ती उणीव भरून काढतो, पण त्यासाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते आणि हवा अधिक तापते. म्हणून किनाऱ्यावर निर्धोक वाटलेला आकडा घाटमाथ्यावर धोक्याचा ठरू शकतो.

आकडे बदलण्याचा हात बसवावयाचा तर तो गिऱ्हाइकाच्या गाडीवर बसवू नये. भंगारातून एखादे जुने इंजिन आणून लोखंडी स्टँडवर बांधावे. २००१ साली ब्रूस बाउलिंग व अल ग्रिप्पो या दोघा अमेरिकनांनी 'मेगास्क्विर्ट' नावाचा संगणक हौशी लोकांना स्वतः जोडता येईल असा तयार केला. त्याची कोष्टके शिकणाऱ्याला उघडी असतात. अशा इंजिनावर चुका कराव्यात. नियम तीनच. मूळ कोष्टकाची प्रत जपून ठेवावी. एका वेळी एकच आकडा, तोही अगदी थोडा, बदलावा. आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा नोंद घेऊन वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. शिवाय कंपनीची हमी जाते ती निराळीच. जोर वाढला म्हणून ब्रेक वाढत नाहीत, हे कायद्याहून जुने सत्य आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्यात रुंद रस्ते आले. ते गाडीचा जोर अजमावण्यासाठी नव्हेत. त्या रस्त्याच्या कडेने कोणाची तरी आई बाजारहाट करून घरी येत असते. जोराची परीक्षा बंद जागेत, डायनॅमोमीटरच्या रुळांवरच व्हावी.

कोणी म्हणेल, बदल करावयाचाच नाही तर शिकावे तरी कशाला? श्रोतेहो, यातच या विद्येचे खरे मोल आहे. गाडी घाटात जोर का धरीत नाही, पेट्रोल का पिते, नॉकिंग का करते, हे नोंद वाचून सांगणारा माणूस गावात हवा आहे. त्याच्याअभावी लोक चांगले सुटे भाग फेकून नवे बसवितात आणि दुखणे तसेच राहते. दहा गाड्यांपैकी नऊंना नव्या आकड्यांची गरज नसते. गरज असते ती आहे ते आकडे वाचता येणाऱ्याची. डिचोलीच्या फिटरने टिपरचा आवाज ऐकून रोग ओळखला; त्याच्या मुलाने तोच कान पडद्यावरील आकड्यांना लावावा. खुंटी पिळण्याचा अधिकार ऐकता येऊ लागल्यावर येतो. आणि तोवर त्याला पोटापुरते कामही मिळू लागलेले असते.