कॅटलॉगातली चान्सी

झाशी हे नाव कोरियन हंगुल लिपीत लिहायला दोन चौकटी पुरतात, पहिली ‘जान’ आणि दुसरी ‘सि’. कोरियन माणूस ती दुसरी चौकट ‘शि’ अशी म्हणतो, त्यामुळे हिंदीतल्या झाँसीपेक्षा आपली मराठी झाशी त्याला जवळची. आता हेच नाव अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नियमाने रोमन अक्षरांत उतरवलं, तर होतं सी-एच-ए-एन-एस-आय. चान्सी! उद्या कुणी राणी लक्ष्मीबाईंवर कोरियनमध्ये पुस्तक लिहिलं आणि शीर्षकाची सुरुवात झाशीने केली, तर कॅटलॉगात ते ‘जे’खाली शोधणारा हात हलवत परत येईल.

चूक कुणाचीच नाही. कोरियन ‘ज’ शब्दाच्या सुरुवातीला आला की ‘च’कडे झुकतो आणि दोन स्वरांमध्ये सापडला की पुन्हा ‘ज’ होतो. हा नियम बसवणाऱ्या जॉर्ज मॅक्यून आणि एडविन रायशॉअर या दोघांनी लिपीपेक्षा कानावर विश्वास ठेवला. दोघेही मिशनऱ्यांची मुलं, एक प्याँगयांगमध्ये जन्मलेला, दुसरा टोकियोत. १९३९ साली छापून आलेली त्यांची पद्धत लायब्ररी ऑफ काँग्रेस आजही वापरते. तिच्यात काही स्वरांवर आपल्या ‘ऑ’वर असते तशी चंद्रकोर बसते आणि महाप्राण व्यंजनांपुढे वर टांगलेला स्वल्पविराम येतो. २००० साली दक्षिण कोरियाच्या सरकारने या खुणा काढून टाकणारी नवी पद्धत आणली. तेव्हापासून पुसानचं बुसान झालं, पण परदेशी कॅटलॉगांत पुसान ठाण मांडून आहे. झाशीच्या वाचकाला हे नवल वाटू नये. २०२१च्या अखेरीस स्टेशनचं नाव वीरांगना लक्ष्मीबाई झालं, तरी तिकीट काढणारा झाशीचंच मागतो.

२०२४च्या नोबेल विजेत्या हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ ही कादंबरी घ्या. मूळ नाव साधारण ‘चेशिकजुइजा’. त्यात ‘जु’ आणि ‘जा’ ही दोन्ही अक्षरं हंगुलमध्ये एकाच व्यंजनाने सुरू होतात. नवी सरकारी पद्धत दोन्हीकडे ‘जे’ लिहिते. जुनी पद्धत पहिल्याला ‘सी-एच’ देते, कारण तो ‘क’च्या मागे येतो, आणि दुसऱ्याला ‘जे’. एकाच शब्दात एकाच अक्षराची दोन रूपं! ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्यासमोर ‘नोंद सापडली नाही’ असं येतं आणि पुस्तक तर तिथेच असतं.

मग सरळ हंगुलमध्येच का शोधू नये? शोधावं. १९८३पासून अमेरिकी ग्रंथालयांच्या सामायिक संगणकात चिनी, जपानी, कोरियन अक्षरं उतरू लागली, आणि आज मोबाइलवर कोरियन कीबोर्ड चुटकीसरशी येतो. लिपी तर अशी रेखीव, की १९ आरंभीची व्यंजनं, २१ स्वर आणि शेवटी व्यंजन असण्या-नसण्याच्या २८ शक्यता यांचा गुणाकार केला की बरोबर ११,१७२ चौकटी होतात, आणि तेवढ्या सगळ्या युनिकोडमध्ये आहेत. राजा सेजोंगने १४४३ साली ती घडवताना व्यंजनांचे आकार जीभ, दात, ओठ, घसा यांच्यावरून घेतले. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्गवारी शाळेत घोकलेल्या आपल्याला हे लगेच कळतं.

तरी कोरियाची फाळणी आड येतेच. ‘इतिहास’ हा शब्द दक्षिणेत ‘यॉक्सा’, उत्तरेत ‘र्यॉक्सा’. ली, यी, री, ऱ्ही ही सगळी एकाच आडनावाची रोमन सोंगं. म्हणून कॅटलॉग बनवणारे प्रत्येक लेखकाचं एक अधिकृत रूप ठरवतात आणि बाकीची रूपं त्याला जोडून ठेवतात. आपल्या राणीसाठीही हीच खटपट करावी लागते, कारण लक्ष्मीबाई हे नाव कुणी ‘के-एस-एच’ घालून लिहितो, कुणी ‘एक्स’ने काम भागवतो.

मूळ लिपीत शोधता येण्याचं हे भाग्य मराठीच्या वाट्याला मात्र उशिरा आणि तुटपुंजं आलं. १८५८च्या वेढ्यात झाशीत अडकलेल्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ परदेशी कॅटलॉगात शोधायचा, तर ‘प्रवास’च्या शेवटी एक ‘ए’ जास्तीचा टाकावा लागतो, कारण तिथल्या नियमाला आपल्या ‘स’मधला न उच्चारलेला ‘अ’ही दिसतो. कोरियनला कान लावणारे मराठीच्या बाबतीत डोळ्यांवर का विसंबले, याची मला गंमत वाटते.

यातलं काहीच जमलं नाही, तर आकडे आहेत. ग्रंथालयात पुस्तकं लावायच्या ड्युई दशांश पद्धतीत कोरियन साहित्य ८९५.७ आणि मराठी साहित्य ८९१.४६. ड्युईने इंग्रजी, जर्मन, फ्रेंचला ऐसपैस खोल्या दिल्या आणि आशियाची जवळजवळ सगळी साहित्यं ८९०च्या एका माळ्यावर कोंबली. हा पक्षपातच, पण त्यामुळे आपलं काम सोपं झालं. ही पद्धत वापरणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयात मराठीच्या कपाटापासून निघायचं, ८९४.८चे तमिळ-कन्नड ओलांडायचे, मग ८९५.१ची चिनी, ८९५.६ची जपानी, आणि तिच्या लगेच पुढे कोरियन पुस्तकं, असलीच तर.