मौनी बाबा, दणदणीत गाणं

नगरहून दौंड रस्त्याने निघालं, की अरणगावपाशी मेहेराबाद लागतं. टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. १९२५ ते १९६९, म्हणजे देहत्यागापर्यंत, बाबा मौनात होते. आणि त्यांच्या नावाचं गाणं काय, तर हार्ड रॉक!

‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. माणसाची माहिती यंत्रात घालायची आणि त्यातून त्याचा सूर काढायचा, अशी त्याची ‘लाइफहाउस’ नावाची भव्य योजना होती. ती बारगळली. उरलेल्या गाण्यांतून १९७१ मध्ये ‘हूज नेक्स्ट’ हा अल्बम झाला. पहिलं गाणं ‘बाबा ओ’रायली’: बाबा आपले, रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली.

सुरुवातीची ती फिरती धून सिंथेसायझरची आहे असं आम्हीही बरीच वर्षं समजत होतो. तो आहे घरगुती लॉरी ऑर्गन; त्यातल्या सोयीने सूर आपोआप पुन्हा पुन्हा वाजतात. पंचाईत झाली ड्रमरची. आपला तबलजी गायकाकडे बघून लय सांभाळतो. इथे टेप कुणाचं ऐकणार? म्हणून कार्यक्रमात कीथ मून कानाला हेडफोन लावून वाजवायचा. आज कितीतरी बँडचे ड्रमर तेच करतात.

आता गाणं लावू या. पियानो येईपर्यंत फक्त ऑर्गन ऐका.