कार्बनचा पाय कशाच्या बळावर उभा आहे?

सायकलचे पंक्चर काढणारा आधी काय करतो? ट्यूबच्या भोकाभोवतीचा गुळगुळीत भाग कानशीने नाहीतर पॉलिश पेपरने घासतो, झटकतो, मग सोल्युशन लावतो आणि ते जरा सुकल्यावरच वर रबराचे ठिगळ दाबतो. न घासता चिकटवलेले ठिगळ चार दिवसांत सुटते. गवंडीसुद्धा काँक्रीटच्या गुळगुळीत खांबावर गिलावा करण्याआधी छिन्नीचे घाव घालून तो खडबडीत करून घेतो. या कामाला कुणी विज्ञान म्हणत नाही! पण विमानाचे पंख आणि अपंगांचे कृत्रिम पाय ज्या कार्बन फायबरपासून बनतात, तिथेही शास्त्रज्ञ नेमके याच प्रश्नाशी अडले होते.

१४ जुलै २०२५ रोजी तेलंगणातील बीबीनगरच्या एम्समध्ये कार्बन फायबरचा एक देशी पाय जाहीर झाला. तो एम्सने डीआरडीओच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेच्या साथीने तयार केला आहे. १२५ किलो भारापर्यंत त्याची चाचणी झाली असून, आयात केलेला असा पाय जिथे दोन लाखांच्या घरात जातो, तिथे हा २० हजारांच्या आत तयार होईल, असे सरकारने सांगितले. बातमी चांगलीच आहे. पण हा पाय टिकतो कशामुळे, हे समजून घेतल्याशिवाय तो कुणाला कसा द्यावा हे कळणार नाही.

कार्बनचा एक धागा जेमतेम ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ॲक्रिलिकच्या जातीचा धागा आधी हवेत २०० ते ३०० अंशांवर भाजायचा, मग हवा वगळून हजार अंशांच्या पुढे तापवायचा. उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. वजनाच्या मानाने तो पोलादाला कितीतरी मागे टाकतो. मात्र नुसता धागा खेचण्यापुरताच बळकट. त्याला आकार देण्यासाठी एपॉक्सीसारख्या राळेत बसवावे लागते. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या प्रयोगशाळेत विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मजबूत धागा बनवला, पण पुढे विचित्र अनुभव येऊ लागला. धागा जितका जास्त तापवावा तितका तो ताठ होई, आणि तितकाच राळेला कमी धरी. कारण तापवल्याने त्याचा पृष्ठभाग ग्रॅफाइटसारखा निसटता होतो. भार आला की थर एकमेकांवरून सरकत आणि वस्तू पापुद्र्यांनी उलगडे.

उपाय पंक्चरवाल्याचाच! धागा तीव्र आम्लात बुडवून पाहिला गेला. आज कारखान्यात बहुधा अमोनियम बायकार्बोनेटसारख्या क्षाराच्या पाण्यातून धागा अखंड ओढतात आणि त्या धाग्यालाच विजेचे धन टोक जोडतात. त्याने वरचा सैल, कमकुवत थर निघून जातो आणि पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसतात. हे गट राळेशी नाते जोडतात. मग धाग्याच्या वजनाच्या एखाद टक्का लेप चढवतात. हा लेप कोणत्या राळेसाठी आहे यावर सारे अवलंबून. एपॉक्सीसाठीचा लेप नायलॉनला चालेलच असे नाही. म्हणूनच कंपन्या लेपाची कृती उघड करत नाहीत. नुसता धागा विकत आणून स्वावलंबन येत नाही ते यामुळे.

यातही अति करून चालत नाही. जास्त खरवडला तर धाग्यावर खड्डे पडून तो कमजोर होतो. पकड गरजेपेक्षा घट्ट झाली तर राळेत पडलेली चीर धाग्यापाशी न थांबता आरपार जाते आणि वस्तू काचेसारखी तुटते. (इथे कुणाला समाजाची उपमा सुचेल, आपण धाग्यापुरतेच बोलू.)

आता पुन्हा पायाकडे वळू. चालताना कार्बनचा पाय प्रत्येक पावलाला वाकतो आणि सरळ होताना माणसाला पुढे ढकलतो. दिवसाला अशी हजारो पावले, आणि प्रत्येक पावलाचा ताण धागा आणि राळ यांच्या सांध्यावर. पाणी मुरले तर पहिला दगा तोच सांधा देतो. आणि आपल्याकडे पाय गमावलेला माणूस कोण असतो? भाताच्या चिखलात उभी राहणारी शेतमजूर बाई, बाजार समितीतला हमाल. या पायाचे वजनानुसार तीन प्रकार केले आहेत. पण ६० किलोच्या हमालाच्या पाठीवर ५० किलोचे पोते आले की पायाखाली ११० किलो येतात, आणि पाऊल आदळते तेव्हा त्याहून अधिक! त्याला वजनकाट्यावर उभे करून ६० किलोवाला पाय दिला, तर कारखान्यात धाग्यावर घेतलेली सारी मेहनत वाया जाईल. तेव्हा हा पाय केंद्राच्या एडीप योजनेतून तालुक्याच्या शिबिरापर्यंत पोहोचवा, आणि मोजमाप घेणाऱ्याच्या अर्जावर वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा: हा माणूस रोज किती ओझे उचलतो?