शंभर डॉलरांत सोडलेला खेळाडू

अमेरिकन फुटबॉलची बचावफळी : लेखांक ६

चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला गाठून लोळवायचं, म्हणजे 'सॅक', हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. हे काम बहुधा फळीच्या दोन्ही टोकांच्या खेळाडूंचं, कारण त्यांना बाजूने वळसा घालून आत शिरायला वाव असतो. मधल्या दोघांना, डिफेन्सिव्ह टॅकलना, तशी मोकळीक नसते. समोर शंभर-सव्वाशे किलोंचे गडी खांद्याला खांदा भिडवून उभे. त्यांना अंगावर घ्यायचं, जागा सोडायची नाही, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला मागच्या साथीदारांनी धरायचं, असा जुना रिवाज. ॲलन पेज याच जागेवर खेळले, आणि १९७१ साली असोसिएटेड प्रेसने त्यांना संपूर्ण एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, सर्वात मोलाचा खेळाडू ठरवलं. बचावफळीतल्या कोणालाही हा मान त्याआधी मिळाला नव्हता. त्यानंतरही आजवर एकालाच मिळाला आहे.

पेज त्या जागेच्या मानाने हलकेच. ऐन भरात वजन २४५ पौंड, म्हणजे साधारण १११ किलो. त्यांची सगळी मदार पहिल्या दोन पावलांवर होती. प्रतिस्पर्ध्यांच्या मधल्या गड्याच्या हातातला चेंडू हलला, की अडवणारा वाकलेल्या अवस्थेतून पुरता उठायच्या आत ते फटीतून पलीकडे पोचलेले असत. मग त्यांच्यात आणि क्वार्टरबॅकमध्ये कोणी उरत नसे.

१९७१च्या डिसेंबरात डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या सामन्यात पंचांनी त्यांच्यावर लागोपाठ दोनदा दंड ठोठावला. पेज संतापले. पुढचे काही डाव त्यांनी जणू एकट्यानेच खेळून काढले: कधी क्वार्टरबॅकला पाडलं, कधी पळणाऱ्याला सुरुवातीच्या रेषेमागेच आडवं केलं. अडवायला दोन-दोन माणसं येऊनही फरक पडला नाही. त्या सामन्याचं चित्रण आजही पाहायला मिळतं. बचावाचा खेळ म्हणजे नुसतं थोपवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते जरूर पाहावं.

त्यांचा संघ मिनेसोटा व्हायकिंग्ज. टोकांना कार्ल एलर आणि जिम मार्शल, मध्ये पेज आणि गॅरी लार्सन. जांभळ्या गणवेशातल्या या चौघांना 'पर्पल पीपल ईटर्स' असं नाव पडलं होतं. ब्लूमिंग्टनचं मैदान उघडं आणि हिवाळा हाडं गोठवणारा. तरीही प्रशिक्षक बड ग्रँट कडेला शेगड्या लावू देत नसत. या संघाने चार वेळा सुपर बोलची अंतिम लढत गाठली आणि चारही वेळा हरला. पेज मात्र सलग नऊ वर्षं प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. सॅकची अधिकृत मोजदाद १९८२ साली सुरू झाली, तोवर ते निवृत्त झाले होते. जुन्या नोंदी तपासून त्यांच्या नावावर १४८.५ सॅक धरले जातात. अधिकृत यादीत ते नाहीत, हा त्या पिढीतल्या सगळ्याच बचावपटूंवर झालेला अन्याय आहे.

पण पेज यांची कारकीर्द आकड्यांपेक्षा त्यांनी घातलेल्या वादांमुळे अधिक समजून घ्यावीशी वाटते.

त्यांचा जन्म १९४५चा, ओहायोतल्या कँटन गावातला. आई ते तेरा वर्षांचे असताना वारली. वकील व्हायचं हे त्यांच्या मनाने पोरवयातच घेतलं होतं. नोत्र दाम विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेऊन ते १९६७ साली व्यावसायिक खेळात उतरले. सुरुवातीच्या काळात कायद्याच्या वर्गात नाव घातलं, पण तीन आठवड्यांत सोडून दिलं. १९७५ साली, नावलौकिक शिखरावर असताना, त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात पुन्हा प्रवेश घेतला. खेळता खेळता अभ्यास चालू राहिला आणि १९७८ साली कायद्याची पदवी हाती आली.

दरम्यान खेळाडूंच्या संघटनेचं कामही चालू होतं. तेव्हा एनएफएलमध्ये 'रोझेल नियम' होता. करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घेतलं, तर जुन्या संघाला भरपाई द्यावी लागे. दोन्ही संघांचं जमलं नाही तर ती किती आणि कशी, हे आयुक्त पीट रोझेल ठरवणार. हा धोका पत्करायला कोण तयार होणार? करार संपूनही खेळाडू जागच्या जागी अडकून राही. १९७४च्या उन्हाळ्यात खेळाडूंनी संप केला, तेव्हा पेज संघटनेच्या कार्यकारिणीवर होते. जॉन मॅकी आणि इतरांनी या नियमाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात तेही एक वादी होते. १९७६ साली अपील न्यायालयानेही हा नियम स्पर्धाविरोधी असल्याचं मान्य केलं.

मग आला वजनाचा वाद. पत्नी डायान यांनी सिगारेट सोडण्यासाठी पळायला सुरुवात केली, पेजही सोबत जाऊ लागले आणि बघता बघता त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद लागला. वजन २२५ पौंडांपर्यंत उतरलं. ग्रँट यांच्या मते इतक्या हलक्या माणसाचं मधल्या फळीत काम नव्हतं. पेज यांचं म्हणणं, आपण याच वेगावर खेळत आलो आहोत. १९७८च्या ऐन हंगामात व्हायकिंग्जने त्यांना मोकळं केलं. सोडलेल्या खेळाडूला उचलण्याचं ठरीव शुल्क शंभर डॉलर होतं. ते भरून शिकागो बेअर्सने त्यांना घेतलं. नुकताच वकिलीची पदवी घेतलेला, संघटनेत पुढे असणारा, वजनाबाबत प्रशिक्षकाला न जुमानणारा माणूस संघाला जड झाला होता, असंच म्हणावं लागतं. कारण मैदानात तो संपला नव्हता. शिकागोत पेज १९८१च्या अखेरपर्यंत खेळले, आणखी चाळीस सॅक त्यांच्या नावावर जमा झाले. १९७९ साली त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली; खेळत असताना असं करणारे ते एनएफएलचे पहिले खेळाडू. सलग २१८ सामने, एकाही सामन्यात गैरहजेरी नाही.

१९८८ साली कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ही वास्तू उभी राहत होती तेव्हा शाळकरी पेज तिथे बांधकामावर मजुरी करत होते. समारंभात ओळख करून द्यायला खेळाडू बहुधा जुन्या प्रशिक्षकाला किंवा साथीदाराला बोलावतात. पेज यांनी मिनिआपोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना बोलावलं. भाषणात ते शिक्षणावरच बोलले. संघाच्या बैठकीत खेळाडूंना प्लेबुक, म्हणजे डावांच्या आखणीची वही, मोठ्याने वाचायला सांगितलं, तेव्हा काहींना ते वाचताच येत नव्हतं, हा प्रसंग त्यांनी सांगितला. महाविद्यालयांनी या मुलांना चार वर्षं खेळवून घेतलं आणि अक्षरओळखीपुरतंही शिकवलं नाही, हा त्याचा अर्थ. त्याच वर्षी त्यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन काढलं. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा, ही तिथली अट.

पुढे पेज मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, पण ते पदही सहज मिळालं नाही. मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश निवडणुकीने येतात. १९९२ साली गव्हर्नरांनी एका न्यायाधीशाची मुदत वाढवली आणि त्या जागेची निवडणूक टळली. पेज यांनी थेट दावा लावला. नेहमीचे न्यायाधीश बाजूला झाले, वेगळं पीठ बसलं आणि निवडणूक घ्यावी असा निकाल लागला. ती त्यांनी जिंकली. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. पुढे तीनदा निवडून येऊन २०१५ साली, सत्तरीच्या सक्तीच्या वयोमर्यादेमुळे, निवृत्त झाले.

त्यांच्या एका हाताची करंगळी खेळात इतकी दुखावली, की ती आता काटकोनात बाहेर आलेली असते. शाळेत गेले की मुलं आधी तिच्याबद्दलच विचारतात. म्हणून मुलगी केमी हिच्यासोबत त्यांनी २०१३ साली या करंगळीवर मुलांसाठी एक पुस्तकच लिहिलं. २०१७ साली मिनिआपोलिसमधल्या एका माध्यमिक शाळेचं जुनं नाव काढून तिला 'जस्टिस पेज' हे नाव देण्यात आलं. जुनं नाव होतं गव्हर्नर अलेक्झांडर रॅमसे यांचं. डकोटा लोकांना ठार तरी करा किंवा राज्याबाहेर हाकला, असं जाहीर सांगणारे हेच रॅमसे. नाव बदलण्याची मागणी विद्यार्थ्यांनीच लावून धरली होती.

(पुढच्या आठवड्यात : लॉरेन्स टेलर, आणि त्याला रोखण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांनी बदललेल्या रचना)