एकशेसतराव्या दिवसाचं कोकरू

अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत श्वास घेताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते विसरता येत नाही. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, श्वास सोडताना बारीक कण्हणं ऐकू येतं. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटाव्यात, तसे फुप्फुसांतले वायुकोश मिटत असतात. त्यांना मिटू न देणारा सर्फॅक्टंट नावाचा तलम थर पुरेसा तयार नसतो. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये ही उणीव दाखवून दिली. पण उपाय नव्हता. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं बाळ याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेलं.

वाट सापडली ती न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स शोधत होते वेगळंच: कळा कशाने सुरू होतात? त्यासाठी ते मेंढीच्या पोटातल्या कोकरांना स्टेरॉइड देत. मेंढी साधारण १५० दिवसांनी विते. ११७व्या दिवशी जन्मलेलं एक कोकरू खरं तर श्वासच घेऊ शकायला नको होतं. ते घेत होतं. तपासलं तेव्हा त्याच्या फुप्फुसांत काही भागात हवा भरलेली आढळली.

‘स्टेरॉइड’ म्हटलं की नातेवाईक बिचकतात. पण हे व्यायामशाळेतलं औषध नव्हे. दिवस भरत आले की बाळाच्या शरीरात कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड आपोआप वाढतं आणि फुप्फुसांना तयार होण्याचा निरोप देतं. बाळंतपण वेळेआधी होईलसं दिसलं की आईला दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन तोच निरोप लवकर पोचवतं. आईचं कॉर्टिसॉल वार बरंचसं निष्प्रभ करते, इंजेक्शनातली बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडं मात्र ती ओलांडतात. पेशीत शिरून ती ग्राहक प्रथिनाला जुळतात, ही जोडी केंद्रकात जाते आणि ठरावीक जनुकांचं वाचन वाढवते. जनुकाची नक्कल म्हणजे आरएनए. तिच्यावरून प्रथिन बनतं. सर्फॅक्टंटचा बहुतेक भाग स्निग्ध असला, तरी ‘बी’ या त्याच्या प्रथिनावाचून तो थर नीट पसरत नाही. जनुकदोषामुळे हे प्रथिनच नसलेली बाळं दिवस भरूनही जगू शकत नाहीत. स्टेरॉइडमुळे त्याचा आरएनए जास्त बनतो, शिवाय जास्त वेळ टिकतो. ‘ए’ प्रथिनाची तऱ्हा निराळी: प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भाच्या फुप्फुसऊतीत थोड्या मात्रेने ते वाढतं, मोठ्या मात्रेने घटतं. जास्त औषध म्हणजे जास्त फायदा, असं इथे मुळीच नाही.

लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवरची चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. श्वसनविकाराचं प्रमाण २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं होतं. तरीही हा उपचार सर्रास व्हायला दोन दशकं लागली. त्या वर्षांत किती बाळं हकनाक गेली असतील, हा विचार मला अजून छळतो.

पुढे एक धक्काही बसला. २०१५ मध्ये सहा देशांतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात नागपूर आणि बेळगावही होतं. गावपातळीवर हे इंजेक्शन पोचवलं, पण अगदी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू तर हजारी २७.४ निघाले, नेहमीची सेवा असलेल्या भागांत ते २३.९ होते. इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच मातांचं बाळंतपण लवकर झालंच नव्हतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, भारतासह पाच देशांत, हेच औषध सुसज्ज रुग्णालयांत सोनोग्राफीने आठवडे पक्के करून दिलं गेलं. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले.

म्हणजे सगळं तारखेवर येऊन ठेपतं. घरात कुणाला दिवस गेले असतील तर शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या, तो कागद जपा. आणि वेळेआधी पोटात कळ आली तर सकाळची वाट पाहू नका. इंजेक्शन दिल्यावर पेशींना ती प्रथिनं बनवायला तास लागतात.