कानांनी उघडणारं दार

नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आधी कान देतो. चितळाची हाक, वानराचा खेकसा कुठून आला यावरून तो वाघाचा माग काढतो. रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकी भावांचा १९९३ सालचा ‘मिस्ट’ हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यालाही असेच कान टवकारायला लावतो.

इथे आपलं पात्र दिसत नाही. दिसतं ते त्याच्या डोळ्यांसमोरचं निर्जन बेट. शत्रू नाही, घड्याळाची घाई नाही.

गेममधल्या ‘सेलेनिटिक’ नावाच्या जगात पाणी, आग, घड्याळ, स्फटिक आणि वारा असे पाच आवाज ठिकठिकाणी आहेत. ते मायक्रोफोननं टिपायचे, त्यांचा क्रम शोधायचा आणि बंद दारावरच्या पट्ट्या सरकवून तोच क्रम लावायचा. पुढच्या भुयारातली दिशाही आवाजच सांगतो. हेडफोन आणि वही जवळ हवीच!

साठ लाखांहून अधिक प्रती खपलेल्या या गेमनं कोड्यांच्या खेळाला वातावरण दिलं, हे त्याचं मोठं काम.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. त्यातही चित्रं जुळवायची कोडी आहेत, पण भर लढाईवर आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांमध्ये घडणारा, निव्वळ पाहण्या-ऐकण्यावर बेतलेला मराठी गेम कुणीतरी करायलाच हवा.