जुना टिपर घेताना

कर्जत-खालापूर भागात माती-मुरूम उपशाच्या धंद्यासाठी जुना टिपर बघताय? ताज्या रंगाला भुलू नका. आपल्याकडे पावसाळाभर चिखलात उभ्या राहिलेल्या गाडीचा गंज रंगाखाली झाकतात. हौदा खाली असतानाच वाकून चेसिस तपासा. हौद्याच्या बिजागरीजवळ तडा किंवा वेल्डिंगचा जोड दिसला, तर सौदा सोडा. इंजिन पुन्हा बांधता येतं, खचलेल्या चेसिसचा भरवसा नाही. मग भरलेला हौदा अर्धा उचलायला लावून लांब उभं राहा. आपोआप खाली बसू लागला तर हायड्रॉलिकमध्ये कुठेतरी गळती आहे. आर.सी. बुकावर कर्जाचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत दाखला मिळेपर्यंत पैसे मोजू नका. आणि वाहतूक पासाशिवाय मुरूम नेलात, तर महसूलवाले गाडीच अडकवतात.